गौरीचा सफेदा

कुंडवाडी, दासगावपलीकडे
श्रावण शुद्ध तृतीया, शके १८५५

पोलादपूर मुक्कामी सौ. तुळसाबाई यांस,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशीलच. आबांनी आपल्या दोघींना एकाच पाटीवर गिरवायला लावलं, तरी तुझं अक्षर वळणदार आणि माझं मुंग्या पळाल्यासारखं, असं तूच म्हणायचीस. तर त्या मुंग्या दोन वर्षांनी तुझ्या दारी आल्या आहेत.

खुशाली विचारत नाही. ती मला न विचारताच कळते. दासगावच्या बाजारात पोलादपूरचं जे माणूस भेटतं ते तुझेच गोडवे गातं. तुळसाबाईंनी नवा ओटा बांधला. तुळसाबाईंच्या घरात त्यांच्या वडलांच्या हातची गौर काचेच्या चौकटीत लावली आहे, आल्यागेल्याचे हात आपसूक जुळतात. मी "हो का, हो का" म्हणते आणि पुढ्यातली वांगी दाबून बघते.

काम आहे म्हणून लिहिते आहे. नाहीतर आबांच्या तेराव्याला तुझ्या अंगणातून निघाले तेव्हा ठरवलं होतं की आता आधी तू लिहायचंस.

माझी गौर काळी पडली.

हसू नकोस. आबांनी माझ्या लग्नात दिली ती. आमच्याकडे कागदाचीच गौर पुजतात, हे तुला ठाऊक आहे. म्हणून तर आबांनी एवढी मन लावून काढली. दर भादव्यात ती वेळूच्या नळीतून काढायची, पाटावर उभी करायची आणि हळदीकुंकवाच्या पावलांवरून मी, थोरल्या सुनेनं, घरात आणायची. पहिली काही वर्षं नुसती बघत राहावं अशी गोरीपान होती. मग डोळ्यांचे पांढरे मळकट झाले. मग नथीतले मोती. गेल्या भादव्यात उलगडली तर सगळा मुखडा चुलीपुढे बसून राहिल्यासारखा. आणि गंमत बघ, लुगड्याचा हिरवा, कुंकवाचा लाल, पाटल्यांचा पिवळा, सगळं आबांनी काल हात उचलला असं ताजं. जे जे आबांनी पांढरं काढलं तेवढंच काळं झालं. मोगऱ्याचा गजरा होता ना, तो आता मिऱ्यांच्या माळेसारखा दिसतो.

सासूबाई वाडीतल्या बायकांदेखत म्हणाल्या, "गोदू, माझ्या घरात गौराय कदी काळवंडली नव्हती गो. तुज्या माहेरची वस्तू, नि दोषबी माहेरचाच." माझी धाकटी जाऊ रखमा तिथेच होती. तिचा नवरा मुंबईला गिरणीत. त्यानं छापाची गौर पाठवून दिली आहे, लकलकीत. रखमा ती सगळ्यांना दाखवत हिंडते. "मुखडा बगा कसा लकाकतोय. आन् धुतला तरी जायाचा नाय, असा म्हनत होता दुकानवाला." देवीला धुवायची सोय बघून ठेवली आहे बाईनं.

सासूबाईंनी निकाल दिला आहे. या भादव्यात आबांच्या गौरीचं तोंड उजळलं नाही तर ती विसर्जनाला खाडीत जायची. तिच्या जागी रखमाची छापाची बसायची आणि गौर आणायचा मानही रखमाचा. मी मागे दुरडी धरून उभी राहायची.

म्हणून विचारते, आणि खरं सांग. तुझ्या गौरीच्या पांढऱ्यात आबांनी काय घातलं होतं? तुझ्या वेळेला भारीतला सफेदा आणला असणार, हे मला तुझ्या लग्नातच वाटलं होतं. माझ्या वेळेला काय, भिंतीचा चुना कालवला का? धाकटीवर जीव असावा, असू दे. पण देवीच्या तोंडातसुद्धा फरक करावा?

आबांची रंगांची पेटी तुझ्याकडे आहे. आबांनी डोळे मिटले ते तुझ्या घरी, म्हणून पेटीही तुझ्याच घरी राहिली. आबांनी कुंचला आधी माझ्या हातात दिला होता. बाजाराच्या गौरींचे डोळे मी भरायची, तू नुसती गोंद ढवळायचीस. पण ते असो. पेटी मागत नाही. तिच्यातला सफेदा तेवढा पाठव. मुखडा मी माझ्या हातानं पुन्हा उजळीन.

गोदूबाई
(तुझी थोरली बहीण. विसरली असशील म्हणून लिहिलं.)


कुंडवाडी
श्रावण वद्य चतुर्थी

सौ. तुळसास,

खाडीच्या तरीवाल्या हैबतीनं पुडी आणून दिली. वर तुझी चिठ्ठी. "आबांनी दोघींच्या गौरींना हाच सफेदा वापरला. विश्वास नसेल तर आधी कागदाच्या पट्टीवर लावून बघ. याच पुडीतला मीही इथे एका पट्टीवर लावून ठेवते." काय तो शहाणपणा. वाचताना वाटलं, तू उंच पाटावर बसून मला शिकवते आहेस.

तरी तू म्हणालीस तसं केलं. गोंदाच्या पाण्यात सफेदा घोटला, पट्टीवर एक हात दिला. खोटं बोलत नाही, असा पांढरा उमटला की आबांच्या खोलीतला वास आला. पट्टी न्हाणीजवळच्या भिंतीला चिकटवली, येताजाता नजरेला पडावी म्हणून. मनात म्हटलं, चला, धाकटीनं एकदा तरी सरळ हातानं काही दिलं.

पट्टी राखेच्या रंगाची झाली आहे, तुळसा.

पुडीत काय मिसळलंस? चुलीतली चिमूटभर राख? बरं झालं मी तो सफेदा गौरीच्या तोंडाला लावला नाही. लावला असता तर सासूबाईंनी मलाच खाडीत बुडवलं असतं आणि तू पोलादपुरात चौकटीतल्या गौरीपुढे उदबत्ती लावली असतीस. मी देऊ केलेलं कधी मोजलं नाही. तुला मात्र एक पुडीसुद्धा चोख देववत नाही.

आता एकच मार्ग. तुझीच गौर पाठव. तुमच्याकडे नदीतून आणलेल्या खड्यांच्या गौरी बसतात, त्यामुळे आबांची गौर तुझ्याकडे नुसती शोभेला. जिथे पुजायची तिथे काळी आणि जिथे मिरवायची तिथे गोरी, हा कुठला न्याय? तीन दिवस दे. देवाच्या कामाला नाही म्हणशील तर तुझं तू बघ.

तुझी गौर घरात आली तर माझा मान राहील. सासूबाईंना ती माझी म्हणून सांगण्याचा माझा विचार नाही. असलाच तर तुला काय?

गोदू


कुंडवाडी
भाद्रपद वद्य तृतीया

तुळसास,

सुखरूप पोचलीस, हे हैबतीकडून कळलं.

तू गौर कुणाच्या हाती न देता स्वतः घेऊन येशील, असं मला वाटलं नव्हतं. तरीतून उतरलीस तेव्हा ती चौकट कडेवरच्या पोरासारखी धरली होतीस. मला बघून हसलीस. मी हसले नाही, ते उन्हामुळे. डोळ्यांवर ऊन होतं.

सगळं छान झालं. तुझ्या गौरीचं तोंड बघून बायकांचे हात आपसूक जुळले. सासूबाईंनी "काचेव कुकू लावू काय?" म्हणून चौकटीतून काढायला लावली, तेव्हा तुझा जीव वरखाली झालेला मी पाहिला. रखमा छापाची गौर गुंडाळून खोलीत गेली आणि दुपारभर तिचं डोकं दुखत होतं. पावलांवरून गौर मीच आणली. इथपर्यंत सगळं मला हवं तसंच झालं.

पण मग सासूबाईंनी तुझी दृष्ट काढली! मी इतकी वर्षं या घरात खपते, माझी कुणी दृष्ट काढली नाही. "तुजी भैन गुनाची हाय गो गोदू. येवडी लांबून देवी घिवून आली." तू घावन केलेस ते जाळीदार झाले आणि तेही बोलण्याचा विषय झाला. माझ्या पोरांनी तुझ्या मांडीवरून उठायचं नाव घेतलं नाही. तुझे भावोजी तर जेवताना हसलेसुद्धा. माझ्या घरात माझीच मी पाहुणी झाल्यासारखं वाटलं.

म्हणून जोडव्यांवरून बोलले. कबूल करते, मुद्दाम रखमाच्या समोर बोलले. येताना तुझी जोडवी चकाकत होती आणि निघायच्या दिवशी काळीठिक्कर. "पोलादपूरच्या सोनारानं फसवलं गो तुला," म्हटलं. तू पदरानं पुसत राहिलीस. चांदी काही अशी पुसली जात नाही. आम्ही इथे रोज राखेनं आणि चिंचेनं घासतो.

गौर माझ्याकडे ठेवून, नुसती चौकट घेऊन गेलीस. पाऊस थांबला नव्हता, तर मोटारीच्या टपावरून कागद भिजत न्यायचा कशाला, असं मीच म्हणाले होते. दसऱ्यापर्यंत राहू दे. इथे ती चांगली आहे.

गोदू


कुंडवाडी
आश्विन शुद्ध एकादशी

तुळसा,

तुझी दोन पत्रं मिळाली. सवड झाली नाही.

दसरा झाला, हे मलाही माहीत आहे. पण हैबतीची होडी दुरुस्तीला काढली आहे. शिवाय पोरांना पडसं आहे. शिवाय सासूबाई म्हणतात, आलेली देवी लगेच घालवू नये. देवीपुढे माझं काय चालतं?

तुझी गौर कुठे आहे म्हणून विचारतेस. घरात आहे, आणखी कुठे असेल? तू भिंतीवर लावतेस तशी मीही लावली होती. मागल्या दाराशी, न्हाणीच्या वाटेवर, म्हणजे येताजाता दिसावी. रखमाला तर दिवसातून दहादा तिकडून जावं लागतं. आता काढून ठेवली आहे. का काढली ते विचारू नकोस.

तुझ्याकडची ती पट्टी अजून पांढरी आहे म्हणून लिहिलं आहेस. मी विचारलं होतं का?

गोदू


कुंडवाडी
आश्विन वद्य पंचमी

तुळसे,

बस आणि वाच. उभ्यानं वाचू नकोस.

तुझी गौरही काळी पडायला लागली आहे.

डोळ्यांपासून सुरुवात झाली, माझ्या गौरीची झाली होती तशीच. दसऱ्याआधी एका सकाळी न्हाणीकडे जाताना मला वाटलं, हिनं रात्री जागरण केलं की काय. जवळ गेले. डोळ्यांचे पांढरे राखट, आणि नथीतला खालचा मोती गेलेला. मी उभी राहिले. आणि तुळसा, तुझ्यापासून काय लपवायचं, मला आधी बरं वाटलं. पोटातून बरं वाटलं. आता तुझीही तशीच, माझ्यासारखी. काचेतून बाहेर काढली आणि आली जमिनीवर. त्या दिवशी मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

मग हळूहळू कळायला लागलं की मी कशावर एवढी खूश आहे. तुझी काळी पडली याचा अर्थ तिच्यातही तोच सफेदा. तू चिठ्ठीत लिहिलं होतंस तेच खरं. आबांनी काही फरक केला नव्हता. इतकी वर्षं मी ज्या गोष्टीवर जळत होते ती गोष्ट नव्हतीच, आणि हे ज्या दिवशी कळलं त्या दिवशी आबांच्या दोन्ही गौरी माझ्याच घरात काळ्या झाल्या होत्या.

दोष माझा, असं सासूबाईंसारखं मलाही वाटलं. पायगुणच वाईट म्हणून रडत होते. रडता रडता पैंजण घासायला घेतले, कारण इथे रोज घासावे लागतात. घासताना तुझी जोडवी आठवली. तुझा सोनार कशाला फसवेल? येताना चकाकत होती की. आणि मग आईची आठवण आली. आपली आई चांदी वर्षातून एकदा, दिवाळीला घासायची. एरवी नाही. आपल्या माहेरी, महाडला, चांदी काळी व्हायचीच नाही. मी या घरात आल्यापासून रोज घासते आहे आणि मला वाटत होतं, जगात चांदी अशीच असते.

आमच्या घरामागून कुंडाच्या ऊन पाण्याचा पाट जातो, न्हाणीत वळवून घेतलेला. तू आलीस तेव्हा "कुजक्या अंड्यासारखा वास येतो" म्हणून पदर नाकाला लावला होतास, आणि मी मनात म्हटलं होतं, आली मोठी नाजूक. आम्हाला तो वास आता येतच नाही. त्या वाफेनं चांदी काळी होते. तुझी पुडीतली पट्टी मी त्या पाटाजवळ लावली, ती काळी. तीच पुडी तुझ्या घरी, ती पांढरी. माझी गौर नळीत असायची म्हणून तिला वर्षं लागली. तुझी मी भिंतीवर मिरवली म्हणून तिला काही आठवडेच पुरले.

सासूबाईंना सांगून बघितलं. त्या उसळल्याच. "सात पिड्या ह्या पान्यानं न्हाल्या, खरूज गेली, सांदे मोकले झाले, नि ता पानी देवीला काला करतंय? कुंडाला नाव ठिवू नको गो." मग पुटपुटल्या, "दोनी काल्या झाल्या. आता दोनी बुडवू या."

म्हणून घाईनं लिहिते आहे. आता मला माझा मान नको आणि रखमाची जिरवायलाही नको. कार्तिकी पुनवेला खाडीत दिवे सोडतात, त्या दिवशी या दोघींना सोडायचं घरात ठरतं आहे. आबांचं आपल्याकडे दुसरं काय आहे? तुला राग आला असेल तर पुढच्या जन्मी भांड. आता काही तरी सुचव.

तुझी ताई


कुंडवाडी
कार्तिक शुद्ध दशमी

चि. तुळसे,

आता सावकाशीनं लिहिते.

तुझे मुरारीराव परवा आले. दिवाळीला मुंबईहून आलेला माणूस चार दिवस घरी बसून चकल्या खायच्या सोडून तरीत बसून बायकोच्या भांडकुदळ बहिणीकडे येतो, याचंही मला आधी वाईटच वाटलं, कारण तुझे भावोजी माझ्या माहेरच्या कामाला कधी पाणंद ओलांडून गेलेले नाहीत. पण मुरारीरावांच्या बगलेत आबांची पेटी होती. ती बघितली आणि मी ओटीवरच बसले. "हिनं दिलीय," म्हणाले. "म्हणाली, डोळे भरायचे तर ताईनंच भरायचे."

त्यांनी खिशातून बाटली काढली. मुंबईला ते कामाला आहेत त्या दवाखान्यात कान फुटला की घालतात ते फेसाळणारं औषध. तिथल्या डॉक्टरसाहेबांना जुनी चित्रं गोळा करायचा नाद आहे, आणि सफेदा काळा पडलेला असला की ते हेच औषध कुंचल्याच्या टोकानं लावतात, असं मुरारीरावांनी सांगितलं. माझा आधी विश्वास बसेना. कानाचं औषध देवीच्या डोळ्यात! तुझ्या पुडीच्या त्या राखट पट्टीवर लावून बघितलं. बारीक बुडबुडे आले. पुसलं नाही, काही नाही. बघता बघता खालून पांढरं वर आलं.

मग पेटीतला खारीच्या शेपटीचा कुंचला घेतला. सासूबाई, रखमा, पोरं, सगळी भोवती. मुरारीराव म्हणाले, "ताई, तुम्हीच." आधी डोळे. मग नथ. मग गजऱ्याची एकेक कळी. मग गाल. दोन्ही गौरी उजळल्या तेव्हा उन्हं कलली होती. सासूबाईंनी मोठ्यानं हात जोडले. "उजाळली गो बाय! मी नवस बोल्ले व्हते." रखमा म्हणाली, "मंग धुतल्यावर बिगडली नाय म्हनायची." नवसाचं श्रेय मी नवसाला दिलं. भांडायला अंगात जोर नव्हता, आणि खरं तर इच्छाही नव्हती.

पुढचं नीट वाच.

दोघी शेजारी शेजारी ठेवल्या. लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्या एका जागी बघितल्या. तुझ्या गौरीच्या नथीचा आकडा थरथरलेला आहे. एक भुवई वर चढली आहे. गजऱ्याच्या कळ्या एकमेकींत मिसळल्या आहेत. माझ्या गौरीत एक रेघ चुकलेली नाही. आबांनी श्वास रोखून एका दमात ओढलेली नथ आहे ती. मी दोनदोनदा बघितलं. मुरारीरावांना विचारलं, तुम्हाला काय दिसतं? त्यांनी तुझी चिठ्ठी पुढे केली. म्हणाले, "तुम्हाला दिसलं तरच द्यायची, असं सांगितलंय."

तू लिहिलंस, "ताई, तुझीच सरस आहे. माझ्या लग्नात आबांचा हात थरथरायला लागला होता. मी ती काचेत बसवली ती लोकांनी जवळ जाऊन बघू नये म्हणून. तू तिथे बाजारात माझ्या काचेचे गोडवे ऐकायचीस, आणि मी इथे तुझ्या गौरीच्या नथीवर जळायची. श्रावणात तुझं पत्र आलं, तुझी काळी पडली म्हणून, तेव्हा मला आधी बरं वाटलं."

मी तिथेच हसायला लागले. पोरं घाबरली. सासूबाई म्हणाल्या, "हिला कायतरी झालं." दोन भाकऱ्या तू किती खाल्ल्यास, ते मात्र लिहिलं नाहीस.

हसून झालं. पण या घरात राहिल्या तर त्या पुन्हा काळ्या होणार. मुरारीराव म्हणतात, ते औषध सारखं सारखं लावलं तर कागदच जातो. पाट काही हलायचा नाही आणि सासूबाई काही घर सोडायच्या नाहीत. म्हणजे आबांची सगळ्यात चांगली गौर गोरी ठेवायची तर ती तुझ्या घरी ठेवायची. त्याच काचेजवळ, जिच्यावर मी इतकी वर्षं डोळा ठेवला. देवानं माझी थट्टा करायची ठरवली होती, आणि जागा शोधून शोधून शोधली.

ती घराबाहेर जाऊ कशी द्यायची, हा प्रश्न होता. मी सासूबाईंच्या पायाशी बसले. विचारलं, "गौराय आपल्याकडे का येते?"

"का म्हंजे? म्हायेरवाशीन हाय. तीन दिस म्हायेराला येते."

"मग बाकी वर्ष कुठं राहते?"

"सासरला. आनखी कुठं?"

"आणि आपण तिला वर्षभर नळीत घालून माळ्यावर कोंडतो. लेकीला माहेरी कोंडून ठेवली तर तिचा रंग राहील का?"

सासूबाईंनी पान लावायचं थांबवलं. पुन्हा चुना लावला, पानाची घडी घातली. मग म्हणाल्या, "सासर कंचं गो हिचं?"

"पोलादपूर," मी म्हटलं.

"मंग तिकडनं आनून सोडाया कोन येनार? लेक येकटी येत नाय."

"तुळसा येईल."

त्यांनी पान तोंडात घातलं. म्हणाल्या, "येवू दे. घावन चांगले करते ती."

असा ठराव झाला आहे. दर भादव्यात तू गौर माहेरी आणून सोडायचीस, तीन दिवस राहायचंस आणि परत न्यायचीस. आणायचा मान माझा. रखमाची छापाची गौरही शेजारी बसेल, तिचंही मन मोडायला नको. आणि येताना जोडवी काढून ये. माझ्याकडची पितळेची घाल.

आबा गेल्यापासून या दारात माझ्या माहेरचं म्हणून कुणी आलं नव्हतं. या भादव्यात तू चौकट कडेवर घेऊन उतरलीस तेव्हा माझ्या डोळ्यांवर ऊन नव्हतं, तुळसे.

दोन्ही गौरी मुरारीरावांच्या हाती देते आहे. पेटी मी ठेवून घेते, ती परत मागू नकोस. आता व्यवस्था ऐक. चौकट तुझ्याकडे एकच आहे. तिच्यात माझी गौर लाव. तुझी शेजारी उघडी राहू दे. बघू दे लोकांना जवळ जाऊन, कुणाची नथ सरळ आहे.

हे लिहून झालं आणि पत्र मिटवायच्या आधी त्या दोघींकडे पुन्हा एकदा बघितलं. तुझ्या गौरीच्या नथीवर बोट ठेवलं. हात थरथरत असताना आबांनी एवढासा आकडा कसा ओढला असेल? एक रेघ काढायची, थांबायचं, मनगट धरायचं, पुढची काढायची. माझी त्यांनी हसतखेळत काढली असेल, एका दुपारात. तुझ्या गौरीला किती दिवस बसले असतील देव जाणे. झालं, पुन्हा माझ्या पोटात दुखायला लागलं.

चौकटीत तुझीच राहू दे. तिला जास्त जपायला हवं. माझी शेजारी लाव, ऊन लागणार नाही अशी. आणि कुणी विचारलं तर दोघी आबांच्या, एवढंच सांग. नथीचं कुणाला काही सांगू नकोस.

तुझी ताई
गोदू